हळदीची बोटे
घरातील मुक्या जिवांच्या किरकोळ जखमा, घरगुती प्रथमोपचार आणि आपली मुले

बालरोगतज्ज्ञाने पाळीव प्राण्यांच्या जखमांविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. हा विषय पशुवैद्यकांचा आहे आणि त्यांच्या क्षेत्रात घुसखोरी करण्याचा माझा मुळीच मानस नाही. परंतु ज्या घरात मूल आहे आणि कुत्रे किंवा मांजरही आहे, त्या घरातून जनावराच्या जखमेविषयीचा पहिला फोन पशुवैद्याला न जाता पुष्कळदा मुलांच्या डॉक्टरलाच येतो. “डॉक्टरकाकू, आमच्या पिल्लाच्या पायाला काच लागली. मुलाला लावतो तेच मलम लावले तर चालेल ना?” टाळेबंदीच्या दोन वर्षांत आपल्या समाजातील अनेक घरांत एकटेपणावर उतारा म्हणून पिल्ले आली आणि असे फोन वाढले. शेजारच्या तेलुगू भगिनी ‘पसुपु’ लावा म्हणतात, आपली आजी हळद लावा म्हणते. दोघी एकच वस्तू सांगतात. ती वस्तू केव्हा उपयोगी, केव्हा निरुपयोगी आणि केव्हा घातक ठरते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

एक चूक, माझीच

प्रारंभी एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. २००२ साली आमच्याकडे मनी नावाची मांजर होती. शेजारच्या बोक्याशी झालेल्या मारामारीत तिच्या पुढच्या पंजाला जखम झाली, पंजा सुजला, अंग तापले. रविवार होता. मी जखम स्वच्छ धुतली, ते योग्यच केले. नंतर तापासाठी, मुलांना देते तसे पॅरासिटामॉलचे थेंब दिले. वजन तीन किलो, किलोला पंधरा मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा. गणित अचूक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मनीचे तोंड सुजले होते, हिरड्यांचा रंग तपकिरी झाला होता आणि तिला धाप लागली होती. पशुवैद्यकांकडे पोहोचलो, पण फार उशीर झाला होता. ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, तुमचा हिशेब बरोबर होता. प्राणी चुकला.”

मांजराच्या यकृतात पॅरासिटामॉलचे निर्विषीकरण करणारी ग्लुक्युरोनिडेशनची प्रक्रिया अत्यंत दुर्बळ असते. त्यामुळे औषधाचे विषारी घटक साचतात, रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. आपली पाचशे मिलिग्रॅमची एकच गोळी प्रौढ मांजराचा जीव घेऊ शकते. ही गोष्ट पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मला, एका एमडी झालेल्या डॉक्टरला, ती ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नाही याचीही जाणीव नव्हती.

बालरोगशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्हांला एक वाक्य शिकवले जाते : मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. मनीने मला त्या वाक्याचा उत्तरार्ध शिकवला : मांजर म्हणजे लहान आकाराचे मूल नव्हे, आणि मांजर म्हणजे लहान कुत्राही नव्हे. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रावर आधारलेले आहे.

किरकोळ कशाला म्हणावे?

घरी उपचार करण्याजोगी जखम कोणती, हे आधी ठरवावे लागते. वरवरचे खरचटणे, उथळ व लहान काप, नखाचे टोक तुटणे, पंजाला बसलेला सौम्य चटका, एखाद्या मधमाशीचा दंश या गोष्टी किरकोळ म्हणता येतील. याउलट पुढील प्रसंगी घरगुती उपचारांत वेळ न दवडता पशुवैद्यक गाठावा : दाबून धरूनही दहा मिनिटांत न थांबणारा रक्तस्राव, कातडीच्या कडा उघड्या पडलेली खोल जखम, डोळ्याची कोणतीही इजा, छाती किंवा पोटावरची भोके, उंचावरून पडणे अथवा वाहनाची धडक, लंगडणे, आणि दुसऱ्या प्राण्याने चावल्याची प्रत्येक जखम. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष वेधते. मांजराच्या सुळ्याने पडलेले भोक बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे दिसते आणि दोन दिवसांत कातडीखाली गळू धरते. शिवाय चावणारा प्राणी भटका असेल तर रेबीजचा प्रश्न उभा राहतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

प्रथमोपचाराचा क्रम

पहिली पायरी स्वतःच्या रक्षणाची. अत्यंत प्रेमळ कुत्राही वेदनेने चावतो, त्यात त्याचा दोष नसतो. सुती ओढणी किंवा बँडेजची पट्टी त्याच्या तोंडाभोवती सैलसर बांधून गाठ कानांमागे घ्यावी. मात्र उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा पगसारखे चपट्या तोंडाचे कुत्रे असेल तर तोंड बांधू नये. मांजराला मोठ्या टॉवेलात गुंडाळून केवळ दुखावलेला पाय बाहेर काढावा. हातमोजे घालावेत. आणि मुलांना या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवावे. ही सूचना मी मुद्दाम पहिल्याच पायरीत देत आहे. तिचे कारण लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

दुसरी पायरी रक्त थांबवण्याची. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून घड्याळाप्रमाणे पूर्ण पाच मिनिटे दाबून धरावी. मध्ये उचलून पाहू नये. पाहिले की तयार होत असलेली गुठळी निघून येते. दोरीने किंवा रबराने पाय आवळून बांधू नये.

तिसरी पायरी धुण्याची, आणि माझ्या मते सर्व प्रथमोपचाराचा गाभा हाच आहे. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, मीठ विरघळवावे. हे द्रावण शरीरातील क्षारतेच्या जवळ जाणारे असते. सुई काढलेल्या वीस मिलिलिटरच्या सिरिंजने त्याची धार जखमेवर सोडावी. निसर्गोपचार म्हणून काही सुचवायचे झाले तर यापेक्षा अधिक नैसर्गिक, स्वस्त आणि निर्धोक असे दुसरे काही मला ठाऊक नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट टाळावे. ते जंतूंबरोबर नव्याने भरून येणाऱ्या पेशींनाही मारतात. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे असल्यास फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून वापरावे.

चौथी पायरी चाटणे रोखण्याची. “कुत्र्याची लाळ औषधी असते” हा समज आपल्याकडे दृढ आहे. लाळेत काही जंतुरोधक द्रव्ये असतात हे खरे. पण त्याच तोंडात पाश्चुरेला, कॅप्नोसायटोफागा यांसारखे जंतू वस्तीला असतात आणि खरखरीत जिभेने जखमेच्या कडा पुनःपुन्हा उघडतात. गळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळे घालणे हा त्यावरचा सोपा उपाय. जुनी मऊ बनियन चढवूनही धडावरची जखम झाकता येते.

स्वयंपाकघरातील औषधे

आपल्या परंपरेत प्राण्यांच्या उपचारांचे स्वतंत्र शास्त्र होते. शालिहोत्राच्या नावाने अश्वचिकित्सा आणि पालकाप्याच्या नावाने हस्त्यायुर्वेद प्रसिद्ध आहे. आजही राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ गाईम्हशींच्या अनेक विकारांवर पारंपरिक वनौषधींचे पाठ पशुपालकांना शिकवते. जखमेसाठीच्या पाठात हळद, कडुनिंब, लसूण, तुळस, खोबरेल तेल या आपल्या परिचयाच्या वस्तू आहेत आणि किडे पडलेल्या जखमेसाठी सीताफळाच्या पाल्याचा लेप सांगितला आहे. तेव्हा या ज्ञानाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. मात्र गाय आपल्या पाठीवरचा लेप सहसा चाटून संपवत नाही, मांजर संपवते. वस्तू तीच, प्राणी बदलला की परिणाम बदलतो.

हळद. हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणाचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. जुने संस्कृत ग्रंथ आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापला गेलेला लेख पुराव्यादाखल सादर केला. आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीबाईच्या बटव्याचा हा विजय आपल्या सर्वांना अभिमानास्पद आहे. पण त्या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यावा. हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. डब्यातील हळद निर्जंतुक असते, असे नव्हे. निजामाबादची असो वा सांगलीची, दळलेल्या हळदीत धूळ व जंतू असतात. भेसळ असल्यास लेड क्रोमेटसारखे शिशाचे विषही असू शकते. कोरडी पूड खोल जखमेत भरली तर ती परकीय कण म्हणून आत राहते आणि तिच्या रंगामुळे जखमेची लाली अथवा पू दिसेनासा होतो. म्हणून : स्वच्छ धुतलेल्या उथळ खरचटण्यावर, घरी दळलेल्या खात्रीच्या हळदीचा खोबरेल तेलातील पातळ थर द्यायला हरकत नाही. खोल, चावलेल्या किंवा वाहत्या जखमेत हळद भरू नये.

मध. सुश्रुताने व्रणावर मध व तूप यांचा उपयोग सांगितला आहे आणि आधुनिक शल्यचिकित्सेतही निर्जंतुक केलेल्या मधाच्या पट्ट्या वापरात आहेत. मधातील साखरेची घनता जंतूंमधील पाणी शोषून घेते. धुतलेल्या उथळ जखमेवर पातळ थर, त्यावर पट्टी, असा तो वापरता येतो. परंतु घरात एक वर्षाखालील बाळ असेल तर पट्टीचा तो हात बाळाच्या तोंडाशी जाऊ देऊ नका. मधातील बोट्युलिझमच्या बीजाणूंमुळे त्या वयात मध वर्ज्य आहे.

कडुनिंब. पाला उकळून गाळलेल्या पाण्याने बाहेरून धुण्यास हरकत नाही. कडुनिंबाचे तेल मात्र सांभाळून वापरावे. ते पोटात गेल्याने तान्ह्या मुलांना झटके येऊन मेंदू व यकृतावर गंभीर परिणाम झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. ‘पिल्लासाठी आणलेली’ बाटली मुलाच्या हाताला लागू नये.

कोरफड. आतील पारदर्शक गर थंडावा देतो. पण सालीलगतचा पिवळा चीक जनावराने चाटला तर उलट्या व जुलाब होतात.

आता वर्ज्य गोष्टी. कांदा व लसूण कुत्र्यामांजरांच्या पोटात गेल्यास तांबड्या पेशी फुटतात, म्हणून त्यांचे लेप नकोत. कापूर आणि टी ट्री तेलासारखी सुगंधी तेले नकोत. कापराने मुलांनाही झटके येतात. फिनेल व डेटॉलसारखी फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजरांना विशेष घातक आहेत. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, माणसाच्याही. जखमेत किडे दिसले तर ते काम पशुवैद्यकांवर सोपवावे. आणि आपल्या मुलांच्या कपाटातील औषधे : पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, खरजेसाठीचे परमेथ्रिन मलम, लंगोटाच्या पुरळावरील झिंकचे मलम. यातील पहिले व तिसरे मांजराचा जीव घेऊ शकते, दुसरे कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडाला इजा करते, चौथे चाटल्यास विषबाधा होते.

आपल्या शहरातील काही नेहमीचे प्रसंग

उन्हाळ्यात दुपारी हैदराबादच्या डांबरी रस्त्यावर अनवाणी उभे राहून पाहा. कुत्र्याचे तळवे रोज तेच सोसतात. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवणे आपल्याला सहन होत नसेल, तर त्या वेळी कुत्र्याला फिरायला नेऊ नये. तळवा भाजलाच तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली दहा ते वीस मिनिटे धरावा. बर्फ, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नये. दिवाळीतील फटाक्याच्या चटक्यालाही हाच नियम.

संक्रांतीला शहरभर पतंग उडतात आणि मांजाने पक्षी कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली असली तरी झाडांत अडकलेला मांजा वर्षभर टिकतो. जखमी पक्षी आढळल्यास पंखात गुंतलेला धागा ओढू नये. कात्रीने तो दोन्ही बाजूंना कापावा, पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व शांत ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये आणि ब्ल्यू क्रॉससारख्या प्राणिसेवी संस्थेला कळवावे.

नख मुळाशी तुटले की रक्त पुष्कळ येते आणि घरातील मंडळी घाबरतात. चिमूटभर मक्याचे पीठ टोकावर दाबून धरले की बहुधा ते थांबते. मधमाशीचा काटा दिसल्यास शक्य तितक्या लवकर खरवडून काढावा आणि थंड पाण्याची घडी ठेवावी. तोंड सुजले, धाप लागली किंवा जनावर कोसळले तर थेट दवाखाना. डोळ्यात मात्र स्वच्छ सलाइनखेरीज काहीही घालू नये. गुलाबपाणी, एरंडेल, काजळ, आपले उरलेले स्टेरॉइडचे थेंब, सर्व वर्ज्य.

जखम जनावराची, धोका मुलाचा

येथपर्यंतचा मजकूर कोणत्याही पशुवैद्यकाने माझ्यापेक्षा अधिक चांगला लिहिला असता. लेखणी हाती घेण्याचे माझे खरे कारण पुढे आहे.

निवासी डॉक्टर असताना, १९९६ च्या सुमारास, आमच्या वॉर्डात मराठवाड्याच्या सीमेवरील एका खेड्यातून सात वर्षांचा मुलगा दाखल झाला. दोन महिन्यांपूर्वी गावातील कुत्रे त्याच्या पोटरीला चावले होते. घरच्यांनी जखमेत चुना आणि तिखट भरले होते. जखम सुकली म्हणून सारे निश्चिंत होते. त्या वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून त्याची आई माझ्याशीच बोले. मुलाला तहान लागली होती, तो पाणी मागत होता आणि पेला ओठांशी नेला की त्याचा गळा आवळून येत होता. ती मला पुनःपुन्हा विचारी, “बाई, चमच्यानं पाजू का?” सुश्रुताने अलर्क विषाच्या वर्णनात ‘जलत्रास’ हे मरणाचे चिन्ह म्हणून नोंदवले आहे. त्या विधानात आजही बदल करण्याजोगे आम्हांला फारसे काही जमलेले नाही. तिसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. तोवर तो पूर्ण शुद्धीवर येऊन अधूनमधून आईशी बोलत होता, हे मी विसरू शकलेले नाही.

त्यानंतर तेरा वर्षांनी, २००९ मध्ये, आपल्याच समाजातील एक कुटुंब नऊ वर्षांच्या मुलीला खोकल्यासाठी घेऊन आले. छाती तपासताना माझे लक्ष तिच्या बोटांकडे गेले. पेरे पिवळी झाली होती. मी सहज विचारले, “हे काय गं?” ती उत्साहाने म्हणाली, “डॉक्टरकाकू, आम्ही पिल्लू आणलंय! त्याच्या कानाला लागलंय, मी रोज हळद लावते.” पिल्लू रस्त्यावरून उचललेले, तीन महिन्यांचे. कानाची जखम कशाने झाली, कोणास ठाऊक नव्हते. मी तिची बोटे उजेडात धरली. दोन नखांच्या कडेची कातडी तिने दातांनी सोलली होती, तेथे ओले लाल मांस दिसत होते. “हळद लावताना ते काय करतं?” मी विचारले. “माझे हात चाटतं,” ती म्हणाली.

वडील सुशिक्षित, समंजस. त्यांचा आक्षेप अगदी तर्कशुद्ध होता : “मॅडम, ते चावलेलंच नाही. इंजेक्शनं कशाला?” येथेच बहुतेकांची फसगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार अखंड कातडी चाटणे हा पहिला वर्ग, त्याला धुण्यापलीकडे उपचार नको. रक्त न आलेला लहान ओरखडा किंवा उघड्या कातडीला दातांनी कुरतडणे हा दुसरा, त्याला लस. रक्त आलेला चावा वा ओरखडा, आणि फुटलेल्या कातडीवर अथवा ओठ-डोळ्यांच्या ओल्या त्वचेवर लागलेली लाळ हा तिसरा. त्याला लस व इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही. त्या मुलीची सोललेली बोटे तिसऱ्या वर्गात बसत होती.

मी त्या दिवशी फार वाद घातला नाही. मला त्या पोटरीवरच्या वाळलेल्या चुन्याची आठवण आली आणि मी त्यांना ती गोष्ट सांगितली. संध्याकाळी मुलीला लशीचा पहिला डोस मिळाला आणि नखांच्या कडेला, जेमतेम मावेल तेवढे, इम्युनोग्लोब्युलिन टोचले गेले. ती खूप रडली. चौथ्या दिवशी पिल्लू खाईनासे झाले, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली. पशुवैद्यकांनी रेबीजचा संशय व्यक्त केला. सहाव्या दिवशी ते मेले. मग घरातील सर्वांनाच लस घ्यावी लागली. ती मुलगी आज नोकरी करते आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा नखे कुरतडण्याची सवय अजून गेली नाही, असे हसत म्हणाली.

काय करावे?

चावा, ओरखडा किंवा फुटलेल्या कातडीवर लाळ, काहीही झाले तरी जागा साबण व वाहत्या पाण्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असते. साबणाने ते नष्ट होते. मुलाच्या जखमेत हळद, चुना, तिखट, कॉफी, तेल काहीही भरू नये. पोव्हिडोन आयोडीन लावावे, टाके शक्यतो टाळावेत. इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच व तिच्या भोवती टोचावे. पहिल्या दिवशी देणे राहिले तर लशीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येते. लस स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, कातडीत दिल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी. प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण उपचार त्यासाठी थांबवू नयेत. प्राण्याच्या लशीचे कार्ड असले तरी निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

“पोटात चौदा इंजेक्शने” ही भीती आता मनातून काढून टाकावी. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची पेशीसंवर्धित लस दंडावर देतात. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली लस दिली. म्हणजे हे शास्त्र जन्मले तेच एका मुलासाठी. आजही जगभर रेबीजने मरणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. मुले जनावराच्या तोंडाजवळ जातात, त्यांची उंची कमी असते, आणि रागावतील म्हणून ती घरी सांगत नाहीत. म्हणून माझी सहकारी डॉक्टरांना विनंती आहे : मूल खोकल्यासाठी आले तरी “घरी प्राणी आहे का?” हा प्रश्न इतिहासात असू द्या. काखेतील गाठ सुजलेल्या मुलालाही तो विचारा. मांजराच्या ओरखड्याने होणारा बार्टोनेलाचा आजार अनेकदा क्षयाच्या नावाखाली झाकला जातो. आणि घरी प्राणी असेल तर मुलाच्या पूर्वप्रतिबंधक लसीकरणाचा विचार जरूर करा. अशा मुलाला पुढे चावा झाल्यास दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.

आपले शहर याबाबतीत भाग्यवान आहे. नारायणगुड्याला प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन संस्थेत लस मिळते आणि त्याच नारायणगुड्यात पशुचिकित्सेचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. राजेंद्रनगरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दुग्धविकास मंडळाने स्थापन केलेली इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही संस्था माणसांची आणि कुत्र्यांची, दोन्हींची रेबीज लस येथेच तयार करते. एकाच संस्थेत दोन्ही लसी बनतात, यातच शहाणपण आहे : कुत्र्याला लस म्हणजे मुलाला कवच.

घरातील पेटी

शेवटी, एका डब्यात एवढे ठेवावे : हातमोजे, कापडाच्या स्वच्छ घड्या, बँडेज, बोथट टोकाची कात्री, सुईविना सिरिंज, मिठाची पुडी, पोव्हिडोन आयोडीन, साबणाची वडी, सुती ओढणी, पशुवैद्यकांचा दूरध्वनी क्रमांक आणि प्राण्याचे लसीकरणाचे कार्ड. हळदीचा डबा स्वयंपाकघरातच राहू द्या. लागला तर तो तेथे आहेच.

मुलांना मुक्या जिवांपासून दूर ठेवा, असे मी मुळीच म्हणत नाही. दुसऱ्याचे दुखणे आपले वाटणे हे ज्या वयात शिकता येते, ते हेच वय. आणि त्या मुलीने रोज न चुकता केलेली शुश्रूषा पाहून मला तिचे कौतुकच वाटले होते. फक्त एवढेच करू या : जखम मोठ्यांनी धुवावी, हातमोजे घालून धुवावी, मुलाने दुरून पाहावे, नंतर पिल्लाशी बोलत बसावे, आणि उठताना साबणाने हात धुवावेत. आणि आपण डॉक्टर मंडळींनी तपासताना मुलांच्या बोटांकडे एकदा नजर टाकावी.